डॅशबोर्डवरचे दिवे: एका जुन्या गाडीच्या आठ आठवड्यांच्या नोंदी

८ जून, रविवार

गाडी काल घरी आली. २०१४ चं पेट्रोल मॉडेल, टॉप व्हेरिएंट, एमएच ०९ पासिंग, मीटरवर ९१ हजार. बायकोची बदली कळ्याच्या शाळेत झालीय, १६ तारखेपासून रोज वीसेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. गाडी तिच्यासाठी. मी शिरोलीला एका फौंड्रीत स्टोअर सांभाळतो. पार्टची नावं तोंडपाठ, हातात पाना मात्र कधीमधीच.

गाडी घेतली तेव्हाच मीटरमध्ये दोन पिवळे दिवे कायम लागलेले होते: इंजिनचं चित्र आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). तिसरा लाल, गोलातलं उद्गारचिन्ह, वळणावर लागायचा आणि विझायचा. एजंटला विचारलं तर म्हणाला, "सेन्सरचं हाय ओ ते. गाडी चालतीया न्हवं? मग झालं तर." त्या नावाखाली मी पाच हजार कमी करून घेतले आणि स्वतःवर खूश झालो. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला हॉर्नचं एक वेगळं बटण बसवलंय, गोल, लाल. पोराला ते फार आवडलं. स्टिअरिंगवरचा हॉर्न वाजत नाही, पण बटण वाजतंय म्हटल्यावर मी तिकडं बघितलंच नाही.

आज फक्त यादी केली. चावी ऑन, सेल्फ मारायचा नाही, मोबाईलवर फोटो. ऑईलची किटली, बॅटरी, इंजिन, एबीएस, एअरबॅग, ब्रेक, सगळे लागले. म्हणजे कुठला दिवा काढून ठेवलेला नाही. वहीत सगळ्यांपुढं बरोबरची खूण. (ही खूण चुकीची होती. २० जुलैची नोंद बघा.)

गाडीसोबत पुस्तिका नव्हती, पण चिन्हं ओळखायला अडचण आली नाही. बहुतेक कंपन्या आयएसओ २५७५ या मानकातलीच चिन्हं वापरतात, त्यामुळं मेव्हण्याच्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं पुस्तक चाललं. रंगांचा अर्थ बायकोला सांगताना राजाराम बंधारा कामाला आला, पंचगंगेच्या पुराची पातळी जिथं मोजतात तो. पिवळा म्हणजे ३९ फूट, इशारा पातळी, सामान माळ्यावर टाकायला लागा. लाल म्हणजे ४३ फूट, धोका पातळी, घर सोडा. कोल्हापूरच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

१० जून

ब्लूटूथवर चालणारा ओबीडी डोंगल घेतला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा, ६५० रुपये. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा आणि मोबाईलमधल्या ॲपला जोडायचा. अर्धा तास जोडलाच जाईना. चावी ऑन करायला विसरलो होतो.

कोड आला: पी ०१३५. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं हीटर सर्किट, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला गरम करणारी वायरिंग. एबीएसबद्दल ॲप काहीच बोलत नाही. दिवा समोर लागलेला आणि ॲपवर मात्र एकच दोष. म्हटलं, बहुतेक हा सुटला की तोही सुटेल. आता लिहिताना हसू येतंय.

१४ जून, शनिवार

सेन्सर आणला, ३,४०० रुपये. सायलेन्सरच्या वरच्या अंगाला, उष्णतेनं कडक होऊन बसलेला. दोन तास झटापट केली, नटाच्या कडा घासल्या, शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं इंजिन गरम करून पाच मिनिटांत काढून दिला. ३०० रुपये. नवा बसवला, ॲपमधून कोड पुसला, दिवा गेला. संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर, भेळ, घरी.

१५ जून, रविवार

सकाळी दूध आणायला गाडी काढली आणि दिवा परत. तोच कोड.

दुकानदार म्हणाला, इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की परत घेत नाही. बरोबरच आहे त्याचं. आमच्या स्टोअरमध्येही मी हेच सांगतो.

१६ जून

शाळेचा पहिला दिवस. निघताना लाल दिवा दोनदा चमकला म्हणून घाईघाईनं बोनेट उघडलं. ब्रेक ऑईलची पातळी खालच्या रेषेच्याही खाली. डॉट ४ ची बाटली १८० रुपयांना आणून वरच्या रेषेपर्यंत भरलं. दिवा गेला. बायको कळ्याला गेली, आली. वहीत मी लिहिलं: ‘ब्रेकचा दिवा – झाला.’

२२ जून, रविवार

उद्यमनगरातल्या वायरिंगच्या मिस्त्रींकडं गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दहा बाय दहाचं दुकान, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कपलर (वायरी जोडायचे प्लग), रंगाप्रमाणं लावलेले. चाचांनी कोड बघितला, पण नव्या सेन्सरला हातही लावला नाही. आधी विचारलं, जुना कुठाय? डिकीतच होता. मल्टिमीटर लावला: हीटरच्या दोन पांढऱ्या वायरींमध्ये सहा ओहम.

"ह्यो चांगला हाय की! का बदलला?"

"कोडमध्ये सेन्सर लिहिलंय."

"सायेब, कोड म्हंजे घराचा पत्ता न्हवं, गल्लीचं नाव. गल्लीत वायर बी ऱ्हाते, फ्यूज बी ऱ्हातो, अर्थिंग बी ऱ्हातं."

मग इंजिन चालू ठेवून कपलरमध्ये गाडीच्या बाजूनं व्होल्ट मोजले. हीटरला बारा-तेरा यायला हवेत, तिथं शून्य. फ्यूज शाबूत. मग चाचा वायरिंगवरची काळी नळी बोटांनी चाचपत मागं मागं गेले, जसं एखादी बाई उसवलेली शिलाई हातानं शोधते तसं. एअर फिल्टरच्या पाईपखाली बोट थांबलं. नळी फाडली तर आत एक वायर कुरतडलेली, तांब्याचे केस वर आलेले, आणि त्या कोपऱ्यात शेंगांच्या टरफलांचा छोटा ढीग. उंदीर. गाडी आधी कुठं लावली जायची माहीत नाही, पण त्या उंदराचं बरं चाललं होतं.

तुकडा जोडला, डाग दिला, वर आकसणारी स्लीव्ह चढवली. ६० रुपये. दिवा गेला, आणि आज ही ओळ सुधारून लिहितोय तोवर परत आलेला नाही.

तर पी ०१३५ येणाऱ्यांनो, सेन्सर विकत घ्यायच्या आधी दोन मोजमापं करा: हीटरचा रेझिस्टन्स आणि कपलरवरचा सप्लाय. मल्टिमीटर आमच्या फौंड्रीच्या मेंटेनन्सकडं पडून असतो, मी मागितला असता तर मिळाला असता.

जाताना चाचांनी एक गोष्ट बजावली. इंजिनचा दिवा स्थिर असेल तर सवडीनं या. लुकलुकायला लागला तर मात्र ॲक्सिलरेटर सोडा, हळू कडेला घ्या. कुठलातरी सिलिंडर मिसफायर होतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही; ते न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. त्याच्या किमतीपुढं माझा सेन्सर म्हणजे चहाचं बिल.

२९ जून, रविवार

१६ जूनची नोंद खोडली.

मेव्हणा जेवायला आला होता. त्याला कौतुकानं सांगितलं, ब्रेक ऑईल भरलं आणि दिवा गेला. त्यानं घास हातात तसाच ठेवून विचारलं, "ऑईल गेलं कुठं पण?" ब्रेक ऑईल काय पेट्रोल नाही, जळून संपायला. एक तर कुठंतरी गळतंय, नाहीतर पॅड झिजलेत. पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागची जागा भरायला वरचं ऑईल खाली उतरतं. वळणावर उरलेलं ऑईल हिंदकळलं की दिवा चमकायचा, तो त्यामुळं.

जेवण झाल्यावर पुढची चाकं काढली. चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही, म्हणजे गळती नाही. पॅडवर मालच नाही: उजवीकडं जेमतेम दोन मिलिमीटर, डावीकडं त्याहून कमी. दोन आठवडे माझी बायको या पॅडवर, पावसात, उसाच्या ट्रॅक्टरांनी खड्डे पाडलेल्या रस्त्यावरून जात-येत होती, आणि सांगणारा दिवा मी १८० रुपयांत गप्प केला होता. तिला हे सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त रात्री विचारलं, "अजून कुठला दिवा ‘झाला’ लिहिलायसा?"

नवे पॅड १,४५०. बसवताना दुसरी चूक. पिस्टन मागं ढकलला की ऑईल परत वर येतं, आणि वर तर मी काठोकाठ भरून ठेवलेलं. ते उतू गेलं आणि बोनेटच्या आतल्या कडेच्या रंगावर पसरलं. ब्रेक ऑईल रंग खातं. लगेच भरपूर पाणी ओतलं तरी तळहाताएवढा चट्टा पडलाच. पिस्टन ढकलायच्या आधी सिरिंजनं थोडं ऑईल काढून घ्या आणि झाकणाभोवती फडकं बांधा. शिवाय पॅड बदलल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, नाहीतर पहिला ब्रेक थेट फळीला टेकतो. हे मात्र मेव्हण्यानं आधीच सांगितलं म्हणून गल्लीतली भिंत वाचली.

६ जुलै, रविवार

एबीएस. स्वस्त डोंगल बहुधा फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतो, एबीएस आणि एअरबॅगचे वेगळे असतात. चाचांनी शेजारच्या मोठ्या स्कॅनरवाल्याकडं पाठवलं, ५०० रुपये. पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर.

यावेळी शहाणपणा केला, दुकानात न जाता आधी चाक काढलं. सेन्सरच्या तोंडावर चिखलाचा थर आणि लोखंडाचा बारीक कीस. वायर वर जाते तिथला कपलर उघडला तर आत पाणी आणि पिनांवर हिरवी बुरशी. कॉन्टॅक्ट क्लीनर २८० रुपये, जुना टूथब्रश, एक तास. परत जोडला तरी दिवा जाईना. वैतागून गाडी बाहेर काढली, फुलेवाडीच्या नाक्यापर्यंत गेलो आणि वाटेत आपोआप विझला. चाकं फिरून चारही सेन्सर जुळतात की नाही हे बघितल्यावरच तो जातो. उभ्या गाडीत त्याच्याकडं टक लावून बसलात तर बसूनच राहाल.

नुसता एबीएसचा पिवळा असेल तर साधे ब्रेक लागतात, चाक जाम न होऊ देणारी मदत फक्त मिळत नाही. एबीएस आणि लाल ब्रेक दोन्ही एकदम लागले तर गाडी तिथंच सोडा.

११ जुलै, शुक्रवार, रात्र

साडेसातला फोन. शाळेत मीटिंग होती, ती उशिरा निघाली. धो-धो पाऊस.

"अहो, लाल लागलाय. बॅटरीचं चित्र. बालिंग्याच्या अलीकडं थांबलोय मी, कडेला."

"इंजिन चालू आहे?"

"चालू ठेवलंय. तुम्हीच सांगितलंतं, बॅटरीचा असला तर बंद करायचं नाही."

सांगितलं होतं खरं, जेवताना, पोराच्या अभ्यासावर ओरडता ओरडता. आता तिला बोनेट उघडायला लावलं. पदर खोच, हात आत घालू नको, फक्त टॉर्च मार: कडेचा काळा पट्टा आहे का आणि फिरतोय का? बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर त्या पट्ट्यावर फिरतो, आणि आमच्या गाडीत त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही आहे. पट्टा तुटला असता तर इंजिन लगेच बंद करून तिथंच थांबायचं होतं, कारण काही मिनिटांत ते तापतं. "हाय. फिरतोय." मग एसी बंद, ब्लोअर बंद, गाणी बंद, मोबाईलचा चार्जर काढ. वायपर आणि डिपर ठेवणं भाग होतं. मी मोटरसायकलवरून रेनकोटमध्ये पोचलो आणि तिच्या पुढं पुढं चाललो.

घर आठेक किलोमीटर. रंकाळ्यापर्यंत येईतो हेडलाईट पिवळट पडले आणि स्टिअरिंग जड झालं, तेही विजेवर चालतं. गल्लीच्या तोंडाशी वायपर अर्ध्यात थांबले. दारात गाडी बंद केली ती परत सेल्फ घेईना.

हाच दिवा बॅटरीऐवजी किटलीचा असता, तर तिला पुलावर असली तरी त्याच क्षणी चावी फिरव म्हणालो असतो. तो ऑईल किती आहे हे सांगत नाही, प्रेशर गेलं हे सांगतो, आणि प्रेशरशिवाय इंजिन मिनिटभरातसुद्धा आतून घासून निघतं.

१३ जुलै

बॅटरी बाहेर चार्ज करून बसवली. गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १२.१ आणि खाली घसरतंय. चौदाच्या आसपास हवं. म्हणजे बॅटरीचा दिवा लागला, बॅटरी मात्र निर्दोष, चार्जिंगच होत नव्हतं. गल्लीतले दोघेजण नवी बॅटरी घ्या म्हणत होते. यावेळी मी ऐकलं नाही.

चाचांनी अल्टरनेटर खोलला. आतले कार्बन (वीज पोचवणारे ब्रश) झिजून नखाएवढे राहिलेले. नवे कार्बन आणि मजुरी मिळून ८०० रुपये. आता १४.२.

२० जुलै, रविवार

आज काही काम नव्हतं. नुसतं बायकोला दाखवत होतो की चावी ऑन केल्यावर कुठला दिवा कधी जातो. सेल्फ न मारता बसून राहिलो. एबीएस काही सेकंदांत विझला, बरोबर. किटली आणि बॅटरी लागलेलीच, तेही बरोबर, इंजिन चालूच नाही तर प्रेशर आणि चार्जिंग येणार कुठून? पण एअरबॅगचा दिवाही लागलेलाच. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली.

"हा का जात नाही?" तिनंच विचारलं.

एअरबॅगचा कॉम्प्युटर स्वतःची तपासणी करतो आणि इंजिन चालू असो-नसो, काही सेकंदांत दिवा विझवतो. सेल्फ मारला. एअरबॅग आणि किटली एकाच क्षणी गेले, एका बटणावर असल्यासारखे. चार वेळा करून बघितलं. एका बटणावरच होते ते.

८ जूनला मी दिवे लागतात का एवढंच बघितलं होतं. कुठला दिवा कुणाबरोबर जातो, हे बघितलंच नव्हतं.

२६ जुलै, शनिवार

चाचांनी मीटर बाहेर काढलं. मागच्या बाजूला दोन बोटं लांबीची निळी वायर, वर काळी टेप: एअरबॅगच्या दिव्यापासून किटलीच्या दिव्यापर्यंत. काम सफाईदार होतं, चाचांनीही मान डोलावली. ती वायर काढून लाईन मूळच्या जागी जोडली आणि पिवळा-लाल माणूस आणि त्याच्या पोटावरचा फुगा, कायमचा लागला.

स्कॅनर: ड्रायव्हरच्या एअरबॅगचं सर्किट उघडं. चाचांनी डॅशबोर्डवरच्या लाल बटणाकडं बघितलं आणि विचारलं, "स्टिअरिंगवरचा हॉर्न वाजतोय का?"

स्टिअरिंगमागं क्लॉक स्प्रिंग म्हणून एक गुंडाळलेली पट्टी असते. स्टिअरिंग फिरत असताना हॉर्न आणि एअरबॅग दोन्हींची वीज त्याच पट्टीतून जाते. ती तुटली तेव्हा हॉर्न बंद पडला. आधीच्या कुणीतरी हॉर्नला बटण बसवलं आणि दिव्याला निळी वायर. पोराच्या आवडीचं ते बटण सात आठवडे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

या कामाला मी हात लावला नाही आणि तुम्हीही लावू नका. बॅटरीची वायर काढून काही वेळ थांबावं लागतं, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरमध्ये मल्टिमीटर घालायचा नसतो, त्या इवल्याशा करंटनंही ती फुटू शकते. चाचांनी आधी कव्हर उघडून आत खरी बॅग आहे का हे बघितलं. काही जण बॅग काढून दिवा फसवायला तिथं रेझिस्टर टाकतात म्हणे. आमची होती. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली, त्याआधी ती बहुधा टॉप मॉडेललाच मिळायची, आणि त्याच कारणानं आम्ही ‘टॉप’ शोधत दीड महिना फिरलो होतो.

क्लॉक स्प्रिंग २,९००, मजुरी आणि पुन्हा स्कॅन ९००. चावी ऑन, सहा-सात सेकंद, दिवा गेला. सेल्फ न मारता.

एजंटला फोन केला. तो म्हणाला, त्यालाही ती गाडी तशीच मिळाली होती. असेलही.

३ ऑगस्ट

सगळा हिशोब ११,४२० रुपये. त्यातले ३,७०० निव्वळ पाण्यात, सेन्सर आणि तो काढायची मजुरी. एजंटकडून कमी करून घेतलेल्या पाच हजारांचा आनंद तेव्हाच संपला. वेळ मोजला नाही, पण सात रविवार गेले.

जुनी गाडी बघायला जाणार असाल तर पैशाचं बोलायच्या आधी स्वतः चावी ऑन करा आणि सेल्फ न मारता पंधरा सेकंद गप्प बसा. एजंट बोलत राहील, बोलू द्या. एबीएस आणि एअरबॅग आपापल्या वेळी गेले पाहिजेत, किटली आणि बॅटरी राहिली पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर तो का लागला नाही हे आधी विचारा. मग स्टिअरिंगवरचा हॉर्न वाजवा.

आता हॉर्न स्टिअरिंगवर वाजतो. लाल बटण पोरानं काढू दिलं नाही, त्याला वायर नाही. जुना ऑक्सिजन सेन्सर चांगला आहे, सहा ओहम, नटाच्या कडा तेवढ्या घासल्यात. स्टोअरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. कुणाला लागला तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत, पण आधी वायर तपासून या.